लहान परिसर, दोन विषय आणि बदलीचा अर्ज

वाचकाचे पत्र

मी विद्यापीठाच्या एका प्रादेशिक परिसरात शिकते. मुख्य परिसरापासून रेल्वेने सहा तासांवर, एका मध्यम आकाराच्या शहरात हा परिसर आहे. माझी पदवी जोड पदवी आहे. इतिहास आणि समाजशास्त्र हे कला शाखेचे विषय आणि त्यांच्या जोडीला नगर व प्रादेशिक नियोजन असे तिचे स्वरूप आहे. पहिले वर्ष नुकतेच संपले. नियोजनाच्या वर्गात आम्ही अठरा विद्यार्थी आहोत आणि शिकवायला तीन प्राध्यापक आहेत. माझ्या दोन मैत्रिणी मुख्य परिसरात शिकतात. तिथले स्टुडिओ (प्रत्यक्ष आराखडे करून शिकण्याचे वर्ग), बाहेरून येणारे व्याख्याते, मोठ्या संस्थांतील इंटर्नशिप यांबद्दल त्यांच्याकडून ऐकते तेव्हा आपण मागे पडत आहोत असे वाटते. वडील म्हणतात, ‘‘एक ना धड, भाराभर चिंध्या. शिकायचे तर एकच काही नीट शिक.’’ गणिताचीही मला थोडी धास्ती आहे. मुख्य परिसरात बदलीचा अर्ज करण्याची मुदत सहा आठवड्यांनी संपते, आणि तिथे गेल्यास कला विषय सोडून फक्त नियोजन घ्यावे लागेल. मी काय करावे?

उत्तर

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि ते सोडवून वेगळे ठेवल्याशिवाय मला नीट उत्तर देता येणार नाही. लहान परिसरात राहावे की मोठ्या, हा एक प्रश्न. कला विषय ठेवावेत की सोडावेत, हा दुसरा. बदलीच्या नियमामुळे ते तुमच्यासमोर एकच प्रश्न म्हणून आले आहेत, पण त्यांची उत्तरे वेगवेगळ्या कारणांवर अवलंबून आहेत. माझे मत आधीच सांगते. कला विषय सोडू नका. परिसराबाबत मात्र पुढच्या सहा आठवड्यांत तुम्ही काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात आणि त्यांची उत्तरे समाधानकारक मिळाली तर आहात तिथेच राहावे. उत्तरे समाधानकारक नसतील तर बदलीचा विचार जरूर करावा, आणि त्यात कमीपणा मानू नये.

कला विषयांबद्दल इतक्या ठामपणे का लिहिते, ते आधी सांगायला हवे. नियोजन म्हणजे नकाशे, आकडे आणि कायदा, आणि इतिहास-समाजशास्त्र म्हणजे त्यावरची सामान्यज्ञानाची शिंपण, अशी समजूत विद्यार्थ्यांमध्ये आणि पालकांमध्ये सर्रास आढळते. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली तेव्हाची हकीकत तुम्हाला पहिल्याच वर्षी शिकवली गेली असेल. डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यूंची नोंद घरांनुसार केली, ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवती मृत्यू दाटलेले आहेत हे दाखवले आणि ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. त्यांचा प्रसिद्ध नकाशा दांडा काढल्यानंतर तयार झाला, हे बहुतेक वेळा सांगितले जात नाही. त्याहूनही कमी वेळा सांगितले जाते ते हेन्री व्हाइटहेड यांचे नाव. हे त्याच वस्तीतील चर्चमध्ये काम करणारे तरुण धर्मोपदेशक होते. स्नो यांचे म्हणणे त्यांना मुळीच पटले नव्हते आणि ते खोडून काढण्याच्या इराद्यानेच ते घरोघर गेले. वस्तीतली माणसे त्यांना ओळखत होती, दार उघडत होती. एकाच घरी ते पुन्हा पुन्हा गेले, कोण काय प्यायले, केव्हा प्यायले, कोण वाचले हे विचारत राहिले, आणि अखेर स्नो बरोबर आहेत या निष्कर्षावर आले. पंपाजवळच्या घरातील एका तान्ह्या बाळाचा आजार साथीच्या आधीचा होता, त्याची दुपटी धुतलेले पाणी घराच्या मैलाखड्ड्यात टाकले गेले होते आणि तो खड्डा विहिरीला लागून होता, हा दुवाही व्हाइटहेड यांच्याच चौकशीतून मिळाला. पुढे तो खड्डा उकरून पाहिला तेव्हा त्यातील घाण विहिरीत झिरपत असल्याचे दिसले.

या हकीकतीतील नकाशा ज्या शिक्षणातून येतो त्याला तुम्ही नियोजन म्हणता. घराघरांतून मिळालेली माहिती, तिच्यावर टाकलेला विश्वास, ती तपासून पाहण्याची पद्धत आणि स्वतःचे मत चुकीचे ठरले तर ते सोडण्याची तयारी, हे सारे इतिहासाच्या आणि समाजशास्त्राच्या अभ्यासात शिकवले जाते. मुलाखत कशी घ्यावी, आठवण आणि कागद यांचा मेळ बसत नसेल तर कशावर किती भरवसा ठेवावा, एखाद्या वस्तीत कोण बोलते आणि कोण गप्प राहते, हे नियोजनाच्या बहुतेक अभ्यासक्रमांत एखाद्या आठवड्यात उरकले जाते. तुम्हाला ते तीन वर्षे शिकायला मिळते आहे.

माझा स्वतःचा अनुभव सांगते, कारण त्यातली चूक माझी होती. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका लहान शहराच्या विकास आराखड्यासाठी मी पाहणी करत होते. शाळेसाठी राखून ठेवायच्या एका मोकळ्या जागेवर आम्ही उभे असताना शेजारच्या घरातील एका वृद्ध बाई म्हणाल्या की इथून पूर्वी ओढा वाहत असे. जमिनीवर ओढ्याची खूण दिसत नव्हती, आमच्या चालू नकाशावरही नव्हती. मी टिपणवहीत ते वाक्य लिहिले आणि पुढे ‘ऐकीव’ असा शेरा मारला. शाळा बांधली गेली. पहिल्या मोठ्या पावसात तिच्या पटांगणात गुडघाभर पाणी साचले आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात साचत राहिले. काही वर्षांनी एका अभिलेखागारात त्या शहराचा जुना मोजणी नकाशा माझ्या हाती आला. त्यावर निळ्या रेघेने तो ओढा स्वच्छ दाखवलेला होता. मला आकडेमोड येत होती, आराखडा काढता येत होता. ऐकलेले वाक्य हा पुरावा असू शकतो आणि तो तपासायचा असतो, हे मात्र मला कोणी शिकवले नव्हते. तुमचे विषय सोडण्याच्या प्रश्नावर मी इतक्या आग्रहाने लिहिते, त्यामागे ते पटांगण आहे.

नियोजनाचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. उद्याननगरीची, म्हणजे शेतजमिनीने वेढलेल्या मर्यादित आकाराच्या शहराची, कल्पना मांडणारे एबेनेझर हॉवर्ड हे वास्तुविशारद नव्हते आणि अभियंतेही नव्हते. लंडनच्या संसदेतील भाषणे लघुलेखनाने टिपून घेणे हा त्यांचा व्यवसाय होता. १८९८ मध्ये त्यांनी आपली कल्पना पुस्तकरूपाने मांडली. सहा हजार एकर जमीन, त्यातील एक हजार एकरांवर शहर, सुमारे बत्तीस हजार लोकवस्ती आणि जमिनीची मालकी सर्वांच्या वतीने विश्वस्तांकडे, अशी ती मांडणी होती, आणि १९०३ मध्ये इंग्लंडमधील लेचवर्थ येथे त्यानुसार पहिले शहर उभारायला सुरुवात झाली. न्यूयॉर्कमध्ये जुन्या वस्त्या पाडून द्रुतगती मार्ग नेण्याच्या बेताला यशस्वी विरोध करणाऱ्या जेन जेकब्स पत्रकार होत्या आणि त्यांच्याकडे कोणतीही विद्यापीठीय पदवी नव्हती. त्याच शहरातील सार्वजनिक चौकांत लोक कुठे बसतात, का बसतात, कुठे थांबत नाहीत, याचे चित्रण करून निष्कर्ष काढणारे विल्यम व्हाइट हे नियतकालिकाचे संपादक होते, आणि त्यांच्या निरीक्षणांच्या आधारे १९७५ मध्ये तिथल्या चौकांविषयीचे नियम बदलले गेले. यावरून पदवीची गरज नाही असा अर्थ कृपा करून काढू नका. आज नियोजनाच्या कामात औपचारिक शिक्षण लागते आणि ते योग्यच आहे. पाहणे, ऐकणे आणि लिहिणे ही या क्षेत्राची मूळ कौशल्ये आहेत, एवढेच मला दाखवायचे आहे.

आता वडिलांच्या म्हणण्याकडे वळते. ते चुकीचे आहेत असे मी म्हणणार नाही. सकाळी इतिहासाचा तास, दुपारी नियोजनाचा स्टुडिओ, आणि दोन्हींच्या वह्या वेगळ्या, दोन्हींचे निबंध वेगळे, दोन्हींच्या परीक्षा वेगळ्या, अशा रीतीने ही पदवी पूर्ण केली तर खरोखरच हाती भाराभर चिंध्या उरतील. जोड पदवी घेतलेले अनेक विद्यार्थी असेच शिकतात, आणि त्यात त्यांचा दोष थोडा व विभागांचा अधिक असतो, कारण दोन विभागांचे प्राध्यापक क्वचितच एकत्र बसून अभ्यास आखतात. जोडण्याचे काम तुमच्यावर येते. त्यासाठी मी एकच मार्ग सुचवते. एक प्रश्न निवडा आणि उरलेली दोन्ही वर्षे प्रत्येक विषयातून त्याच प्रश्नाकडे पाहा.

उदाहरणादाखल तुम्ही राहता त्या शहराचे पाणी घ्या. समजा, शहराची लोकसंख्या ४०,००० आहे आणि ती दर वर्षी दोन टक्क्यांनी वाढते. वीस वर्षांनी ती साधारण ५९,४०० होईल. दरडोई दररोज १३५ लिटर पाणी धरले तर आजची गरज ५४ लाख लिटरांची आहे आणि तेव्हाची सुमारे ८० लाख लिटरांची असेल. हे झाले नियोजनाचे गणित, आणि तुमची धास्ती कमी व्हावी म्हणून सांगते की पदवीच्या पातळीवर लागणाऱ्या गणिताचा मोठा भाग याच जातीचा असतो. टक्केवारी, चक्रवाढ, प्रमाण, सरासरी आणि थोडे संख्याशास्त्र एवढ्यावर बरेच काम होते. यातला संख्याशास्त्राचा भाग टाळू नका, तो समाजशास्त्रातही लागणारच आहे. पण ८० लाख लिटर हा आकडा मिळाल्यावर खरा अभ्यास सुरू होतो. १३५ ही सरासरी आहे. एका वस्तीत माणशी २०० लिटर आणि दुसऱ्या वस्तीत ४० लिटर मिळत असतील तरी सरासरी व्यवस्थित दिसू शकते. कोणत्या वस्तीत नळ आधी आला, कोणत्या वस्तीत उशिरा, आणि का, हे नगरपालिकेच्या जुन्या इतिवृत्तांत सापडेल. तो तुमचा इतिहासाचा प्रबंध. घरात पाणी कोण भरते, त्यासाठी कोणाचा किती वेळ जातो, नळाला पाणी नसलेल्या दिवशी कोणाकडे हात पसरावा लागतो, हा समाजशास्त्राचा. जलवाहिन्यांचा आणि उंचसखल भागांचा नकाशा हा स्टुडिओचा. पदवीच्या अखेरीस तुमच्याकडे एकाच विषयावरचे तीन-चार भक्कम कागद असतील आणि ते एकमेकांशी बोलत असतील. नोकरी देणाऱ्यासमोर किंवा पदव्युत्तर प्रवेशाच्या मुलाखतीत ते ठेवले की चिंध्यांचा प्रश्न कोणी काढणार नाही. वडिलांनाही कदाचित तेच दाखवणे योग्य ठरेल. वादाने हा मतभेद मिटेल असे मला वाटत नाही.

परिसराच्या प्रश्नाविषयी बोलायचे तर प्रादेशिक परिसर म्हणजे मुख्य परिसराची दुय्यम प्रत, ही भावना तुमच्या पत्रातून जाणवते. नियोजनाच्या बाबतीत ती भावना इतिहासाला धरून नाही. नियोजनाचे विद्यापीठीय शिक्षण देणारा जगातील पहिला विभाग १९०९ मध्ये सुरू झाला तो लंडनमध्ये नव्हे, लिव्हरपूल या बंदराच्या शहरात. तिथल्या विद्यापीठाला स्वतंत्र सनद मिळून तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. विभागासाठीचा पैसा विल्यम लीव्हर या उद्योगपतीने दिला, आणि तो त्याला वृत्तपत्रांविरुद्धच्या बदनामीच्या दाव्यांतून मिळालेल्या भरपाईचा होता. पुढच्याच वर्षी त्या विभागाने नियोजनाचे नियतकालिक सुरू केले. १९४४ चा बृहत् लंडनचा आराखडा ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते पॅट्रिक अ‍ॅबरक्रॉम्बी याच विभागात घडले आणि वीस वर्षे तिथे प्राध्यापक होते.

पॅट्रिक गेडिस यांचे उदाहरण तर तुमच्या परिस्थितीला अधिकच जवळचे आहे. ते मूळचे जीवशास्त्रज्ञ. १८८८ पासून १९१९ पर्यंत स्कॉटलंडमधील डंडी येथील एका लहान महाविद्यालयात ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते आणि वर्षातून केवळ उन्हाळी सत्रात त्यांना शिकवावे लागे. उरलेल्या वेळात त्यांनी शहरांचा अभ्यास केला. आराखड्याच्या आधी पाहणी झालीच पाहिजे, हे आज इतके उघड वाटणारे तत्त्व नियोजनात रुजवण्याचे श्रेय मुख्यतः त्यांचे. डोंगरापासून समुद्रापर्यंत वाहणाऱ्या नदीचे खोरे घ्यायचे आणि त्यात खाणकामगार, लाकूडतोड्या, शिकारी, मेंढपाळ, शेतकरी, मासेमार यांचे व्यवसाय आणि वस्त्या कशा एकमेकांवर अवलंबून आहेत हे एका छेदचित्रात दाखवायचे, ही त्यांची पद्धत होती. १९१४ पासून त्यांनी भारतातील अनेक शहरांचे अहवाल लिहिले आणि दाट जुन्या वस्त्यांतून सरळ रुंद रस्ते कापून नेण्याऐवजी मोजकीच पडकी घरे काढून हवा-उजेडाला वाट करून देण्याचा आग्रह धरला. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. इंदूरमध्ये प्लेगच्या भीतीच्या काळात त्यांनी दिवाळीची मिरवणूक योजली, आणि जी वस्ती आपले रस्ते व घरे सर्वांत स्वच्छ करील तिच्यातून ती जाईल असे जाहीर केले. मिरवणुकीत अस्वच्छतेचा राक्षस होता आणि प्लेगचा उंदीर होता, आणि शेवटी त्यांचे दहन झाले. आरोग्याचा नियोजनातील प्रश्न लोकांच्या सणाच्या भाषेत सांगण्याची ही समज त्यांना लोकजीवनाच्या निरीक्षणातून आली होती. कला आणि नियोजन यांचा संबंध काय, असे तुम्हाला कोणी विचारले तर हे उदाहरण सांगा.

मध्यम आकाराच्या शहरात राहण्याचा नियोजनाच्या विद्यार्थ्याला जो लाभ होतो तो मी गेडिस यांच्या त्या छेदचित्रावरूनच सांगेन. अशा शहरात संपूर्ण व्यवस्था एका माणसाच्या आवाक्यात असते. पाणी कुठून येते आणि सांडपाणी कुठे जाते, हे दोन्ही टोकांना चालत जाऊन पाहता येते. वॉल्टर क्रिस्टालर यांनी १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीतील वस्त्यांचा अभ्यास करून मध्यवर्ती ठिकाणांचा सिद्धांत मांडला, तो तुम्हाला पाठ्यपुस्तकात षटकोनांच्या जाळीच्या रूपात भेटला असेल. रोजच्या गरजेची वस्तू जवळच्या लहान ठिकाणी मिळते, क्वचित लागणाऱ्या सेवेसाठी दूरच्या मोठ्या ठिकाणी जावे लागते, आणि म्हणून वस्त्यांची एक उतरंड तयार होते, हा त्याचा गाभा. महानगरात राहून ही उतरंड दिसत नाही, कारण माणूस तिच्या टोकावर बसलेला असतो. तुमच्या शहराच्या बस स्थानकावर किंवा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाबाहेर एक दिवस घालवा आणि कोण कुठून कशासाठी आले आहे याची नोंद करा. षटकोन कुठे जुळतात आणि नदी, डोंगर किंवा रस्ता त्यांना कुठे वाकवतो, हे तुम्हाला त्या एका दिवसात कळेल. मुख्य परिसरातील तुमच्या मैत्रिणींना यासाठी क्षेत्रभेटीची वाट पाहावी लागते.

मात्र लहान परिसराच्या उणिवा खऱ्या आहेत आणि त्या झाकणे तुमच्या हिताचे नाही. तीन प्राध्यापकांच्या विभागातून एक जण दुसरीकडे गेला तर एक तृतीयांश शिक्षण जाते. माहितीपत्रकात छापलेले ऐच्छिक विषय विद्यार्थी कमी असल्यामुळे प्रत्यक्षात सुरूच होत नाहीत, असे वारंवार घडते. म्हणून विभागप्रमुखांना भेटून, आणि भेटीनंतर तेच लेखी पाठवून, विचारा की दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे कोणते विषय मागील दोन वर्षांत खरोखर शिकवले गेले, स्टुडिओ कोण घेणार आहे आणि ती व्यक्ती नियमित नेमणुकीवर आहे का. यापेक्षाही महत्त्वाचा मुद्दा व्यावसायिक मान्यतेचा आहे. नियोजकांच्या व्यावसायिक संस्था अनेक देशांत आहेत. ब्रिटनमधील रॉयल टाउन प्लॅनिंग इन्स्टिट्यूटची मूळ संस्था १९१४ ची आहे, भारतातील इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स १९५१ मध्ये स्थापन झाली. अशा संस्थेची मान्यता ठरावीक अभ्यासक्रमाला मिळते, विद्यापीठाच्या नावाला नव्हे. तेव्हा मुख्य परिसरातील नियोजनाच्या पदवीला मान्यता आहे, एवढे ऐकून समाधान मानू नका. तुमच्या परिसरातील, तुमच्याच जोड पदवीला ती लागू आहे का, हे विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. लागू नसेल तर पदव्युत्तर शिक्षणाने ती उणीव भरून काढता येते का, तेही पाहा. ब्रिटन आणि अमेरिकेत इतर विषयांच्या पदवीधरांना नियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रवेश मिळणे ही नेहमीची गोष्ट आहे. भारतात भूगोल, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्र यांतील पदव्युत्तर पदवी असलेल्यांनाही अनेक संस्था तो देतात. हा रस्ता लांबचा आहे, पण बंद नाही.

मान्यता नसेल, पुढच्या रस्त्याचीही स्पष्टता नसेल आणि दुसऱ्या वर्षाच्या स्टुडिओची शाश्वती कोणी देत नसेल, तर बदलीचा अर्ज करा. अशा वेळी मुख्य परिसरातून कला विषयांचे निदान दोन अभ्यासघटक ऐच्छिक म्हणून घेता येतील का, हे अर्जासोबतच विचारा. नियमावलीत नसलेली सवलत विचारल्यावर मिळाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

इंटर्नशिपचा प्रश्न मला मान्यतेइतका अवघड वाटत नाही. मोठ्या संस्थेत गेलेला विद्यार्थी बहुधा एका मोठ्या प्रकल्पाचा एक लहान तुकडा सांभाळतो. लहान शहराच्या नगररचना कार्यालयात माणसे कमी असतात, आणि काम समजणाऱ्या विद्यार्थ्याला तिथे हरकती व सूचनांची नोंदवही लावण्यापासून जागेवरच्या पाहणीपर्यंत सर्व काही करायला मिळू शकते. सुट्टीत सहा आठवडे तिथे काम करण्याची परवानगी मागा. आराखड्यावरच्या सुनावण्या खुल्या असतील तर त्यांना जाऊन बसा. शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या दोन पायऱ्यांवर सहभाग नसतोच, मधल्या तिन्हींवर तो नावापुरता असतो आणि वरच्या तिन्हींवर लोकांच्या हाती काही निर्णय येतात. प्रत्येक सुनावणीनंतर ती कोणत्या पायरीवर होती आणि तसे का वाटले, हे पानभर लिहून ठेवा. संगणकाच्या बाबतीतही परिसर लहान असल्याची अडचण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, आणि २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांनी मिळून भरायच्या खुल्या नकाशावर तुम्ही स्वतः आपल्या शहराच्या गल्ल्या नोंदवू शकता.

लहान शहरात अभ्यास करताना एक जबाबदारी येते, आणि तिच्याबद्दल वर्गात पुरेसे बोलले जात नाही असा माझा अनुभव आहे. महानगरातील एखाद्या वस्तीवर तुम्ही प्रबंध लिहिला आणि त्यात ‘एक विधवा शिक्षिका’ असे लिहिले तर ती कोण हे कोणाला कळणार नाही. तुमच्या शहरात ते नाव न लिहिताही सर्वांना कळेल. तुम्ही ज्यांना पाण्याबद्दल विचाराल ते उद्या दुकानात, दवाखान्यात, कार्यालयात तुम्हाला भेटतील, आणि ज्या अधिकाऱ्याच्या कामावर तुम्ही टीका कराल त्याच्याच कार्यालयात तुम्हाला इंटर्नशिप हवी असेल. म्हणून मुलाखत घेण्याआधी ती कशासाठी आहे, कोण वाचणार आहे आणि कुठे ठेवली जाणार आहे, हे समोरच्याला त्याच्या भाषेत सांगा आणि त्याची संमती घ्या. माणूस ओळखू येईल असे तपशील बदलले तर अभ्यासाचे नुकसान होते का, हे प्रत्येक वेळी तपासा. होत नसेल तर बदला. होत असेल तर लिहिलेला मजकूर त्या व्यक्तीला वाचून दाखवा आणि मगच सादर करा. लोकांनी वेळ दिला, तर निष्कर्ष त्यांच्याकडे परत न्या, दोन पानांच्या सोप्या टिपणाच्या रूपात का होईना. विद्यार्थी येतात, विचारतात आणि पुन्हा दिसत नाहीत, अशी तक्रार मी अनेक वस्त्यांत ऐकली आहे, आणि ती ऐकताना मान खाली घालावी लागली आहे.

मैत्रिणींच्या बाबतीत एवढेच सुचवते की त्यांच्याशी तुलना करण्यापेक्षा देवघेव करा. त्यांच्याकडे येणाऱ्या व्याख्यात्यांची टिपणे आणि स्टुडिओच्या कामाचे नमुने मागा, आणि तुमच्या शहराची पाहणी त्यांना दाखवा.

आता सहा आठवड्यांचा हिशेब. पहिल्या आठवड्यात मान्यतेची आणि विषयांची विचारणा लेखी पाठवा, कारण विद्यापीठाच्या कार्यालयांकडून उत्तर यायला वेळ लागतो. तिसऱ्या आठवड्यापर्यंत उत्तर आले नाही तर स्वतः जाऊन भेटा. मधल्या काळात इतिहासाच्या आणि नियोजनाच्या एकेका प्राध्यापकाला तुमचा एकच प्रश्न दोन्ही विषयांतून अभ्यासण्याचा बेत सांगा आणि दोघे मिळून मार्गदर्शन करतील का, ते विचारा. त्यांच्या उत्तरावरून परिसराबद्दल तुम्हाला पुष्कळ कळेल. त्याच काळात नगरपालिकेच्या अभिलेख कक्षात किंवा भूमापन कार्यालयात एकदा जा, शहराचा उपलब्ध असलेला सर्वांत जुना नकाशा पाहायला मागा, आणि त्यावरच्या निळ्या रेघा आजच्या नकाशावर उतरवून घ्या.